भावसार सरांचा लाल

नोकरीला लागल्यावर मी पहिलं मोठं काम केलं ते हे, की एका सरळ माणसाच्या दारात सकाळी सकाळी चहाची किटली घेऊन भांडायला गेले. नातवंडांना हे खरं वाटत नाही. त्यांनी मला गुडघ्यावर हात टेकून उठतानाच पाहिलंय. पण मी गेले होते. पांढरं पातळ, आवळून घातलेली वेणी, हातात शेजारणीची ॲल्युमिनियमची किटली, आणि तोंडात डी.एड.च्या वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळालेलं भाषण, प्रसंगाप्रमाणे थोडं फिरवून घेतलेलं.

झालं होतं असं. सुलतानपूरच्या शाळेत मी मराठी शिकवायला आले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. एकटी पोरगी परगावी ठेवायला बाप तयार नव्हता, म्हणून माझ्याबरोबर माझी आजी आली. तिला आम्ही बुढीमाय म्हणायचो. नांदुऱ्याचं भरलं घर सोडून ती माझी राखण करायला आली, आणि मी शाळेत गेले की दिवसभर एका खोलीच्या दारात बसून रस्त्याची राखण करायची. नोकरी कायम झाली तेव्हा मी सगळ्या मास्तरांना चहाला बोलावलं. बौद्धाच्या घरी. कपबशा उसन्या होत्या, वेलदोडा मात्र माझा होता. सगळे आले. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते, कोण खरंच पितो आणि कोण नुसता ओठ लावून कप खाली ठेवतो ते. बोलावलं होतं तेच बघायला, आता या वयात खोटं कशाला बोलू. सगळे प्याले. बशीत ओतून, फुंकर मारून, आवाज करून प्याले. आणि इतिहासाचे भावसार सर, दाराजवळ पोत्यावर बसलेले, त्यांनी कपावर तळहात आडवा धरला. मी घेत नाही, म्हणाले. एवढंच.

माझ्या दृष्टीने विषय संपला. सकाळ होईपर्यंत भाषण तयार होतं.

ते त्यांच्या दारात उभे होते. एका हातात तांब्या, तोंडात काळं मंजन. मी सुरू झाले. माणुसकीपासून सुरुवात केली आणि पाण्यावर, देवळांवर, शाळेतल्या वेगळ्या तरटावर फिरून कपावर आले. गल्ली गोळा झाली. सर मंजनाचं बोट तोंडात तसंच धरून ऐकत राहिले. एकदाही मध्ये बोलले नाहीत, आणि ते मी कबुलीजबाब म्हणून धरलं. भरल्या तोंडाने माणूस बोलणार कसा, हे माझ्यासारख्या वक्त्याला सुचलं नाही. माझं संपल्यावर ते मोरीकडे गेले, चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "बाई, काल पाणी विचारलं असतं तर प्यालो असतो. उन्हातून आलो होतो. तुम्ही कोणी विचारलंच नाही."

तेवढ्यात समोरची बाई म्हणाली, "अवं मास्तरीन, तो त्याच्या मायच्या हातचा चहा पीत नाही. त्याची माय आमच्या घरी येऊन पिते, चोरून." आतून म्हाताऱ्या आवाजात कोणीतरी म्हणालं की हिच्या तोंडाले कुलूप घाला. गल्ली हसली. मग कोणीतरी माझ्या हातातून किटली घेतली, आणि ती सगळी किटली गल्लीने संपवली. मी रिकामी किटली घेऊन घरी आले. बुढीमायने सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं की तुझ्या त्या वेलदोड्याच्या नादात तू माणसाला पाणी का नाही विचारलं.

भावसार सर आधी नाकाला कळायचे, मग डोळ्यांना. त्यांच्या अंगाला एरंडेल तेलाचा वास यायचा. शाळेत त्यांची खुर्ची खिडकीशी होती आणि तिच्या शेजारची खुर्ची नेहमी मोकळी असायची. आणि शर्ट. त्यांच्याजवळ पाच-सहा शर्ट असतील, पण त्यातला एकही कोणत्याच दुकानात मिळाला नसता. एक विटकरी, एक कलेजीच्या रंगाचा, एक गंजक्या पत्र्यासारखा, एक असा की बाळंतिणीच्या खोलीतलं जुनं फडकं वाटावं. दिवाळीची सुट्टी संपली की पोरं फाटकाशी उभी राहायची, सरांचा नवा शर्ट कोणत्या रंगाचा ते बघायला. पैजा लागायच्या. मुख्याध्यापकांनी एकदा तंबी दिली, तर सर म्हणाले, की मग काय फेकून देऊ का, कापड आहे.

तो त्यांचा नापास झालेला लाल होता. प्रत्येक सुट्टीतला एक.

भावसार म्हणजे रंगारी. सरांच्या आजोबांच्या तरुणपणापर्यंत त्यांच्या घराचा धंदा कापड रंगवण्याचा. आल नावाचं झाड असतं, कोणी बारतोंडी म्हणतं, शेताच्या बांधावर अजून दिसतं. त्याच्या मुळ्यांतून लाल रंग निघतो. कापड आधी एरंडेलात आणि लोणारच्या तळ्यातल्या खारात भिजवायचं, वाळवायचं, परत भिजवायचं, असं कितीतरी दिवस. मग तुरटी, मग मुळ्यांच्या पाण्यात उकळी. त्या लालाची लुगडी आणि पागोटी धुऊन धुऊन फाटायची, पण उतरायची नाहीत, असं म्हणत. मग इंग्रजाच्या राज्यात आगगाडी नांदुऱ्याला आली आणि तिच्यातून रंगाचे डबे आले. एवढासा डबा. पाण्यात टाकला की अर्ध्या दिवसात लाल. आलीची शेतं मोडून तिथं कापूस लागला, कारण गाडीला कापूस हवा होता. रंगाची कुंडं बुजली. आजोबा बसून राहिले. वडिलांनी बाजारात पाल मांडलं आणि त्याच विलायती रंगाच्या चिमूट-चिमूट पुड्या विकायला घेतल्या.

हे मला सरांनीच सांगितलं, किटलीच्या प्रकरणानंतर. हसत सांगितलं. सगळ्यात जास्त हसले ते डब्याचं सांगताना. त्या डब्यावर लक्ष्मीचं रंगीत चित्र होतं. दुरून कोणीतरी मोठ्या हुशारीने काढून पाठवलेलं. सरांच्या आजीने रिकामा डबा टाकून द्यायचा तर तो धुऊन देवघरात ठेवला आणि मरेपर्यंत त्याला रोज हळदकुंकू वाहिलं. "घर बुडवलं त्याची पूजा केली माझ्या आजीनं," म्हणाले, "आणि तिला सांगायची कोणाची हिंमत नव्हती. लक्ष्मी होती ना वर."

चहाचंही तेच. बाजारात एक गाडी यायची, फोनोवर गाणी लावायची आणि आल्यागेल्याला फुकट चहा पाजायची. पाहुण्याला गूळपाणी देणाऱ्या लोकांना ती चव लागली. आजोबांनी लांबून ती गाडी पाहिली आणि घरात सांगितलं की डबेवाल्यांचीच ही भावंडं दिसतात, यांचं घ्यायचं नाही. घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या आणि शेजारी जाऊन प्याले. ज्याने ऐकलं तो हा एकटा नातू.

मी काय सोडते थोडीच. मी म्हटलं, सर, आणि शर्टाची बटणं? मनगटावरचं घड्याळ? बसता त्या एसटीचं काय? ते बटणाकडे बघत म्हणाले, तेवढं नाही जमलं बाई.

पण चहा न पिणारा माणूस आपल्याकडे कसा जगतो, ते मी त्यांच्याकडे पाहून शिकले. त्याला कोणी बस म्हणत नाही. माणूस आला की चूल पेटवायची, ती पेटेपर्यंत बोलायचं, कप हातात आला की अजून थोडं बोलायचं, आपल्या सगळ्या येण्याजाण्याचं माप ते. हा येणार, उभ्या उभ्या काम सांगणार आणि जाणार. दूध देऊ का म्हणायचं तर ते लेकरांना पुरत नाही. मग लोक त्याला बोलवायचेच विसरतात. लग्नाचंही तसंच झालं. देऊळगावकडे मुलगी पाहायला गेले, चहा आला, यांनी सवयीने कपावर हात धरला. मुलीकडच्यांनी ओळखलं की पसंत नाही. तिथली रीतच तशी, तोंडाने नकार द्यायला नको म्हणून. बरोबर गेलेल्या मामाच्या लक्षात एसटीत बसल्यावर आलं. परत जाऊन सांगेपर्यंत मुलीच्या बापाने अपमान मनावर घेतला होता. सर मला एवढंच म्हणाले, की ती आत कोणाशी तरी हसत बोलत होती, आवाज चांगला होता.

वर्गात त्यांचा एक खेळ होता. हातात एखादी वस्तू धरायची आणि विचारायचं, हे कुठून आलं? खडू, काडेपेटी, टोपी, काहीही. पोरांना माहीत असेल तिथपर्यंत सांगायचं. एकदा कापसाचं बोंड होतं. हा कुठं जातो? नांदुऱ्याले, सर. तिथून? आगगाडीत. तिथून? इथं पोरांचं संपायचं. मग सर सांगायचे की तिथून तो समुद्रापलीकडे जायचा आणि धोतर होऊन परत यायचा, घडी मोडायला जीव होणार नाही असं कडक, आणि ज्याच्या शेतातलं बोंड तो ते बाजारात हात लावून बघायचा. पोरं कान देऊन ऐकायची. अभ्यासक्रम मात्र कधी पुरा व्हायचा नाही. मुख्याध्यापक कपाळाला हात लावत, "भावसार, परीक्षेत बटण येत नाही, पानिपत येतं."

एकदा मी सरळ विचारलं, की हा लाल करून तुम्ही करणार काय? दुकान घालणार? ते म्हणाले की दुकान कशाचं, एकदा झाला पाहिजे. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "होईलही हो कधीतरी. पण झाला तरी मला कसं कळणार? मी कुठं पाहिलाय. बाबांनी नाही पाहिला. घरात चिंधीसुद्धा उरली नाही. हाच तो, असं म्हणणारं कोणीतरी पाहिजे."

आणि इथं मी दुसऱ्यांदा तोंड उघडलं. किटलीचं ओझं होतं ना मनावर. मी म्हटलं, माझी बुढीमाय आहे की. तिचं माहेर लोणारचं. तिची माय तळ्यातला खार काढून तुमच्याच लोकांना इथं आणून द्यायची, ही पोरगी मागे मागे यायची. तिने पाहिला असणार.

बुढीमायला मी विचारलं नव्हतं. मी कशाला विचारते, मला सगळं माहीत होतं.

सरांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता रडतात की काय. त्याच संध्याकाळी ते आले. पिशवीत कापडाचा तुकडा, विटकरी शर्टातला. दारात बसलेल्या बुढीमायसमोर उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी तुकडा पुढे केला. तिने तो घेतला, उजेडाकडे धरला, उलटा केला, बोटांत चोळला. आणि म्हणाली, "हा नोहे."

काय कमी आहे, सरांनी विचारलं.

"ते मी कसं सांगू, मास्तर. पन हा नोहे."

सर खूश होऊन गेले. नापास झाल्यावर इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. तपासणारं कोणीतरी सापडलं होतं.

मग ते येतच राहिले. दर सुट्टीनंतर नवा तुकडा. कधी बुढीमाय म्हणायची, अजून दाट पाह्यजे. कधी म्हणायची, जवळ आला, पन नाही. तिच्या या स्मरणशक्तीचं मी शाळेत कौतुक सांगायची. तुकडा बघून झाला की ते लगेच उठायचे नाहीत. चहाचा प्रश्न नव्हता, म्हणून किती वेळ बसायचं याचं मापही नव्हतं. बुढीमाय तांब्याभर पाणी पुढे करायची आणि बोलत बसायची. तळ्याचं, तिच्या मायचं, नांदुऱ्याच्या जिनात सरकी निराळी करताना बाया जी गाणी म्हणत त्यांचं. मी आत वह्या तपासत असायची. मला ती कधी इतकं बोलली नव्हती, आणि मीही कधी तिच्यासमोर उकिडवी बसले नव्हते.

पुढे सरांची आई गेली. घरात ते आणि रंगाची मातीची भांडी. मग ते सुट्टीशिवायही येऊ लागले, तुकडा नसताना.

असंच एकदा ते त्या लालाचं वर्णन करायला लागले. आजोबांकडून ऐकलेलं. कुंडांच्या ओळी, नदीकाठी वाळत घातलेली लुगडी, लांबून शेत पेटल्यासारखं दिसायचं म्हणे. इंग्रजाने हे मोडलं, माय, असं राज्य मोडल्यासारखं ते सांगत होते. बुढीमायने सगळं ऐकलं. मग आपलं लुगडं घोट्यावर थोडं वर केलं आणि स्वतःच्या पायांकडे बघत बोलली. तिची माय उन्हाळ्यात तळ्याच्या गाऱ्या-चिखलात गुडघ्याएवढी उभी राहायची. पाणी ओसरलं की काठाला खार धरतो, तो हाताने खरवडायचा. संध्याकाळी पायाची कातडी ओल्या कागदासारखी सुटून यायची. रात्री पायाला तेल नाही, सकाळी परत तेच. सोडून जायची सोय नव्हती, गावाने लावून दिलेलं काम.

"डबे आले, खार कोनी घेईना. आमी नांदुऱ्याले जिनात गेलो," ती म्हणाली. "तुमचा धंदा बसला, मास्तर, अन् आमचे पाय वाचले."

 सरांनी विचारलं की जिनात बरं होतं का. तिने सांगितलं, रोजी हातात मिळे, कोणी जात विचारत नसे. कापसाच्या धुरळ्याने नवऱ्याची छाती गेली, तो खोकत खोकत गेला. पाय वाचले अन् छाती गेली, असं ती म्हणाली, भाजीचा भाव सांगावा तसं. सर उठले, पिशवी घेतली आणि गेले.

मी आतून ऐकत होते. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. मनात म्हटलं, वा बुढीमाय, माझ्या अख्ख्या भाषणाला जमलं नाही ते तू एका वाक्यात केलंस. मला तेव्हा जिंकण्याची फार हौस होती. काय जिंकलं ते कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दिवाळीनंतर शाळा उघडली. पोरं फाटकाशी उभी होती. सर पांढऱ्या शर्टात आले. दुकानातला, घडीच्या रेघा दिसत असलेला. पोरं एकमेकांकडे बघत राहिली, पैज कोणीच जिंकलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरही पांढराच. एरंडेलाचा वास गेला आणि तरी शेजारची खुर्ची मोकळीच राहिली. वर्गात ते नेमलेलं पुस्तक शिकवायला लागले. पानिपत वेळेवर संपलं. मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

आमच्या घरी ते यायचे बंद झाले. बुढीमाय दारात बसून रस्ता बघायची. आधी आठवड्याने विचारलं, मग रोज विचारायला लागली, रंगवाला मास्तर काऊन येत नाही. मी म्हटलं, तूच तर घालवलंस. ती म्हणाली, मी कुठं घालवलं, मी पायाचं सांगतलं. मग एक दिवस मला शाळेत जाताना अडवून तिने निरोप दिला, जसाच्या तसा सांग म्हणाली. तो मी मधल्या सुट्टीत सरांना सांगितला. "मास्तराले म्हन, लालानं आमचं काही नाही बिघडवलं. करा लाल. अन् मले दाखवायले आना."

सरांनी ऐकलं. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, परत पुसला. त्या आठवड्यात शाळेला परत एरंडेलाचा वास आला. पण आता खार आणायला ते स्वतः लोणारला जायचे आणि तळ्यात उतरून स्वतः काढायचे. पायाला फोड घेऊन शाळेत यायचे, वहाण नीट घालता यायची नाही. त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मीही, नवल म्हणजे, बोलले नाही.

अशी वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी बुलढाण्याला आले. सरांची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली, मग ते निवृत्त झाले. कोणीतरी म्हणालं पुतणीकडे राहतात, कोणी म्हणालं एकटेच असतात. मी दोनदा जायचं ठरवलं, दोनदा काहीतरी निघालं. मागच्या वर्षी त्यांच्या पुतणीचा फोन आला, सर गेल्याला महिना झाला होता. तिला माझं नाव कुठे सापडलं कोण जाणे. काका शेवटी फार बोलायचे नाहीत, म्हणाली, पण कधीतरी म्हणायचे की माझं एक काम मात्र झालं. कोणतं ते तिला माहीत नव्हतं. तिने मला विचारलं. मी सांगितलं, रंगाचं. ती म्हणाली, हो का, आणि फोन ठेवला.

मला ते शेवटचे दिसतात ते सुलतानपूरच्या त्या खोलीच्या अंगणातले. माझ्या लग्नाआधीचा हिवाळा. बुढीमायने अंथरूण धरलं होतं. बाप तिला न्यायला येणार होता, आणि नांदुऱ्याला गेली की ती परत येणार नाही हे तिच्यासकट सगळ्यांना माहीत होतं. दुपारी उन्हात तिची बाज काढली होती. सर आले. पिशवीतून काढला तो तुकडा हातभर होता.

मला रंगातलं कळत नाही. पण तो तुकडा तिच्या गोधडीवर पडला तेव्हा मी हातातलं काम ठेवलं. लाल म्हणजे कुंकवासारखा नव्हे, रक्तासारखाही नव्हे. आत कुठेतरी काळपट, आणि वरून ऊन पडलं तिथे उबदार. मी सरांकडे बघितलं. ते तुकड्याकडे बघतच नव्हते, तिच्या तोंडाकडे बघत होते.

बुढीमायने तो उचलला. उजेडाकडे धरला, उलटा केला, बोटांत चोळला, नाकाजवळ नेला. फार वेळ लावला तिने.

"हाच," म्हणाली.

सर म्हणाले, नक्की ना माय. त्यावर ती खेकसली, की इतक्या वर्षांत मी कधी हाव म्हनलं का तुले. तिने त्यांना तुले म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

ते काही वेळ बाजेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले. आनंद झालेला माणूस काय करतो ते त्यांना माहीत नसावं, सवय नव्हती. मग तुकडा घेऊन उठले. घडी घातली नाही, पिशवीत टाकला नाही. ओला असल्यासारखा दोन्ही हातांवर आडवा धरून रस्त्याने निघाले. वाटेत पारावर माणसं बसली होती, त्यांच्याजवळ थोडे थांबले, दाखवतील असं मला वाटलं. पण कोणाला दाखवणार आणि काय म्हणून. ते पुढे गेले. एसटी आली, तिच्या धुरळ्यात दिसेनासे झाले.

मी आत येऊन बुढीमायजवळ बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. म्हटलं, बुढीमाय, इतकी वर्षं तो रंग तू कसा गं ध्यानात ठेवलास. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं किटली घेऊन परत आले त्या दिवशी बघितलं होतं.

"मी कवा पाह्यला व तो रंग? खाराचं गाठोडं गावाबाहेर टाकायचं अन् मांगं फिरायचं, कुंडाजवळ आमाले कोन येऊ देत होतं. नाही म्हनलं का तो पुन्हा ये, बसे, बोले. आता मी काही राहत नाही, मंग तो कोनाले इचारत फिरन? म्हनून म्हनलं, हाच."